डॅनिश माणसाशी धंदा करायचा तर आधी त्याची दूध डेअरी समजून घ्या

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

भोसरीत माझ्या एका मित्राचं वर्कशॉप आहे. सहा सीएनसी मशीन, वीस-बावीस माणसं. दोन वर्षांपूर्वी त्याला डेन्मार्कमधल्या एका कंपनीकडून पंपाच्या सुट्या भागांची ट्रायल ऑर्डर मिळाली. गडी खूश. पहिल्या ईमेलमध्ये त्यानं 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं. उत्तर आलं ते थेट ह्याच्या पहिल्या नावानं, आणि खाली सहीसुद्धा नुसत्या पहिल्या नावाची. ह्याला वाटलं कोणीतरी ज्युनिअर पोरगा असेल. तो निघाला अख्ख्या खरेदी विभागाचा प्रमुख.

ठरलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधी माल हीट ट्रीटमेंटवाल्याकडे अडकला. मित्रानं नेहमीचा विचार केला, आत्ताच कशाला सांगायचं, मारू कव्हर. तिकडून विचारणा आली तेव्हा ह्यानं लिहिलं, सगळं वेळेत चाललंय. माल गेला बारा दिवस उशिरा. माल एक नंबर होता, एकही पीस रिजेक्ट झाला नाही. तिकडून दोन ओळी आल्या: माल मिळाला, धन्यवाद, उशीर होणार हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. आरडाओरडा नाही, दंड नाही. मित्र मला म्हणाला, "काय सज्जन माणसं आहेत राव! इथला कस्टमर असता तर आईबहीण काढली असती."

पुढची ऑर्डर आलीच नाही.

परवा चहाला बसलो असताना तो म्हणाला, "तू इतिहास-बितिहास वाचतोस ना, मग सांग, ह्या लोकांचं नेमकं असतं काय?" त्याला तोंडी सांगितलं ते जरा नीट मांडावं म्हणून ही पोस्ट. डॅनिश लोकांशी कसं वागावं ह्याच्या याद्या नेटवर ढिगानं मिळतात. वेळ पाळा, पहिल्या नावानं हाक मारा, बढाई मारू नका. याद्या चूक नाहीत. पण असं का, ते त्या सांगत नाहीत, आणि 'का' माहीत नसलं की माणूस वेळेवर मीटिंगला जातो आणि मालाच्या उशिराबद्दल गप्प बसतो.

तर थोडं मागे जाऊ.

१८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रिया ह्या दोघांनी मिळून डेन्मार्कचा सपशेल पराभव केला. श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग हे प्रांत गेले. राज्याचा साधारण एक तृतीयांश मुलूख आणि जवळपास ४० टक्के लोकसंख्या एका तहात हातची गेली. एकेकाळी अख्खं नॉर्वे ज्यांच्या राजाच्या ताब्यात होतं, ते एकदम युरोपच्या नकाशावरचं चिमुकलं राष्ट्र झाले. बाहेर गमावलं ते आत कमवायचं, असं तेव्हा तिथं म्हटलं जायचं. जटलंडच्या पश्चिमेकडची माळरानं लागवडीखाली आणायला १८६६ मध्ये संस्था निघाली. ग्रुंटविग नावाच्या पाद्री-कवीच्या कल्पनेतून निघालेल्या लोकशाळांमध्ये शेतकऱ्यांची तरणी पोरं हिवाळ्यात येऊन राहायची आणि इतिहास, भाषा, वादविवाद शिकायची. ह्यातली पहिली शाळा तर पराभवाच्या वीस वर्षं आधी, १८४४ मध्येच सुरू झाली होती. परीक्षा नाही, मार्क नाहीत. ग्रुंटविगला घोकंपट्टीचा मनापासून तिटकारा होता.

सावरतायत तोवर दुसरा फटका बसला. १८७० नंतर अमेरिका आणि रशियाचं स्वस्त धान्य आगबोटींनी आणि रेल्वेनं युरोपात येऊन आदळू लागलं. भाव कोसळले. जर्मनी, फ्रान्स वगैरेंनी आयातकर लावून आपला शेतकरी वाचवला. डॅनिश शेतकऱ्यानं वेगळं केलं. त्यानं ते स्वस्त धान्य येऊ दिलं, गायी-डुकरांना घातलं आणि लोणी आणि बेकन इंग्लंडला विकायला काढलं.

आता अडचण अशी, की इंग्लंडच्या बाजारात चांगला भाव मिळायचा तो मोठ्या जमीनदारांच्या लोण्याला. शंभर-शंभर गायी, स्वतःची डेअरी, रोज एकसारखा माल. चार गायी असलेल्या शेतकऱ्याच्या घरी बायको लोणी काढणार, आठवड्याला एक गोळा होणार, प्रत्येक घरची चव वेगळी, रंग वेगळा. व्यापारी सगळं एकत्र कालवून कवडीमोलानं उचलायचा.

त्याच सुमाराला दुधातून मलई झटपट वेगळी काढणारं फिरतं यंत्र आलं, आपण ज्याला सेपरेटर म्हणतो ते. यंत्र महाग. एकट्याच्या आवाक्यात नाही. मग १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधल्या येडिंग नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन डेअरी काढली. डेन्मार्कमधली पहिली सहकारी डेअरी म्हणून तीच ओळखली जाते. १९०० पर्यंत अशा डेअऱ्या हजाराच्या घरात गेल्या. एवढ्याशा देशात, अठरा वर्षांत.

ह्या डेअऱ्यांचे नियम मुद्दाम बघण्यासारखे आहेत. माझ्या मते आजच्या डॅनिश ऑफिसचे निम्मे रीतिरिवाज तिथंच सापडतात.

पहिला नियम मताचा. गायी कितीही असोत, मत एकच. डॅनिश भाषेत माणसाचं डोकं आणि गुरं ह्या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, त्यावरून त्यांच्याकडे शाब्दिक कोटीच झाली होती: मतं डोक्यांची मोजायची, गुरांची नाही. चार गायीवाला सभेत उठून चाळीस गायीवाल्याला, तुझं म्हणणं मला पटत नाही, असं सांगू शकत होता आणि दोघं दुसऱ्या दिवशी एकाच रस्त्यावर दुधाचे कॅन ठेवत होते. ऑफिसात नवा लागलेला इंजिनिअर मीटिंगमध्ये डायरेक्टरला, हे चालणार नाही, असं तोंडावर म्हणतो आणि कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही, त्याची मुळं मला इथं दिसतात. (आपल्याकडच्या सहकारी कारखान्यातही सभासदाला एकच मत असतं म्हणा. पण सर्वसाधारण सभेत उठून चेअरमनसाहेबांना 'हे चालणार नाही' म्हणणारा सभासद किती वेळा पाहिलाय? असो.)

दुसरा नियम, घरच्यापुरतं ठेवून बाकी सगळं दूध ह्याच डेअरीला घालायचं. भाव वाढला म्हणून परस्पर व्यापाऱ्याला द्यायचं नाही. शब्द दिला तो वर्षानुवर्षं पाळायचा.

तिसरा नियम कर्जाचा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. यंत्रासाठी आणि इमारतीसाठी कर्ज काढलं ते सगळ्या सभासदांच्या सामायिक हमीवर. म्हणजे डेअरी बुडाली तर वसुली माझ्याही शेतावर येणार. शेजाऱ्यानं दुधात पाणी घातलं, कॅन नीट धुतला नाही, आणि त्यामुळे अख्खा घाणा खराब झाला, तर त्याचा भुर्दंड मला. म्हणून दूध रोज वजन करून घ्यायचं, तपासायचं, वहीत लिहायचं. पुढे पैसेही फॅटप्रमाणे मिळू लागले. आपल्याकडे पहाटे संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

डॅनिश समाजात विश्वास फार, असं सगळे सांगतात. भ्रष्टाचाराच्या जागतिक क्रमवारीत सगळ्यात स्वच्छ देश म्हणून ते गेली काही वर्षं पहिल्या नंबरवर आहेत. पण त्या विश्वासाचा जन्म भोळेपणातून झाला नाही. तो रोज सकाळी वजनकाट्यावर चढून तयार झाला. तुमचं दूध कमी भरलं तर कोणी ओरडत नव्हतं, वहीत आकडा कमी पडायचा, बस. पण पाणी घातलेलं सापडलं की गावात तोंड दाखवायला जागा नाही.

हे ऐकल्यावर माझा मित्र बराच वेळ गप्प होता. त्याचं दूध कमी भरलं होतं, ते चाललं असतं. त्यानं 'सगळं वेळेत चाललंय' लिहिलं, ते पाणी होतं.

वेळेचंही मला तसंच दिसतं. दुधाची घोडागाडी ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्यानं जायची. तुमचे कॅन बांधावर तयार नसतील तर गाडी थांबणार नाही, कारण पुढे आणखी घरं आहेत आणि दूध नासतंय. डॅनिश माणूस दहाच्या मीटिंगला दहा वाजता येतो ह्याचं हे एकमेव कारण आहे असा माझा दावा नाही. पण उशीर म्हणजे मोठ्या माणसाचा मान खाली जाणं नसून पुढच्या घरच्या दुधाचं नुकसान, ही समज तिथं दिसते खरी. आपल्याकडे मोठा माणूस जितका उशिरा येईल तितका मोठा.

लोणी काढून उरलेलं मलईविना दूध शेतकऱ्याला परत मिळायचं, ते डुकरांना. १८८७ मध्ये जर्मनीनं डॅनिश डुकरांची आयात बंद केली, त्याच वर्षी होर्सेन्स गावात पहिला सहकारी कत्तलखाना उभा राहिला आणि जिवंत डुकराऐवजी बेकन थेट इंग्लंडला जाऊ लागलं. १९०१ मध्ये लोण्यासाठी सगळ्या देशाचा मिळून एकच शिक्का आला, कांस्ययुगीन 'लूर' नावाच्या शिंगाचं चित्र असलेला. हजार डेअऱ्या, शिक्का एक. कोणा एकानं खराब माल पाठवला की सगळ्यांचं नाव खराब. आजही डॅनिश कंपनी नव्या पुरवठादाराला ट्रेसेबिलिटी, तपासणीचे कागद, बॅच नंबर असं मागत बसते, तेव्हा तो आपल्यावरचा अविश्वास नसतो. त्यांच्या पणजोबांनाही तेच विचारलं जात होतं.

एक गोष्ट मात्र ह्या सुंदर गोष्टीत सहसा सांगितली जात नाही. लोणी काढणं हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं काम आणि कसब होतं. डेअरी झाली, यंत्र आलं आणि व्यवस्थापक झाले पुरुष. ज्याच्याकडे गायच नाही त्या शेतमजुराला तर सभेत मतही नव्हतं. समानता होती, पण गोठ्याच्या आतली.

मजुरांची गोष्ट शहरात घडली. १८९९ च्या वसंतात जटलंडच्या काही गावांतल्या सुतारांनी संप केला. मालकांच्या नव्या संघटनेनं उत्तरादाखल देशभर टाळेबंदी केली. सुमारे ४०,००० कामगार तीन महिन्यांहून जास्त काळ घरी बसले. शेवटी सप्टेंबरमध्ये करार झाला. मालकांनी मान्य केलं की कामगारांना संघटना करायचा आणि तिच्यामार्फत वाटाघाटी करायचा हक्क आहे. कामगारांनी मान्य केलं की काम कसं चालवायचं, कोणाला कुठं लावायचं हे मालक ठरवेल, आणि करार चालू असताना संप नाही. सरकारनं नव्हे, दोन बाजूंनी बसून ठरवलं. ती घडी आजतागायत टिकली आहे. डेन्मार्कमध्ये कायद्यानं ठरवलेलं किमान वेतन नाही! पगार, ओव्हरटाइम, १९९० पासूनचा ३७ तासांचा आठवडा, हे सगळं सामूहिक करारांत येतं. १९७४ पासून ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांत कामगारांचे प्रतिनिधी संचालक मंडळावरही बसतात.

बाजारात शिरण्याआधी हे न समजल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मॅकडोनाल्ड्सचं. १९८१ मध्ये ते डेन्मार्कमध्ये आले. कायद्यात कुठं लिहिलंय युनियनशी करार करा म्हणून? कुठंच नाही. मग केला नाही. काही वर्षं चाललं. १९८८ च्या अखेरीस आणि ८९ च्या सुरुवातीला इतर युनियन उतरल्या. गोदी कामगार त्यांचा माल उतरवेनात, ट्रकवाले पोचवेनात, छापखाने त्यांची छपाई करेनात. आपल्याला 'सहानुभूतीचा संप' म्हटलं की दोन तास काळ्या फिती आठवतात. तिथं तो कायदेशीर आहे आणि खरोखर गळा आवळतो. १९८९ मध्ये कंपनीनं करारावर सही केली. २०१५ मध्ये एका स्वस्त विमान कंपनीचं असंच युनियनशी वाजलं, कामगार न्यायालयाचा निकाल विरोधात गेला, तेव्हा तिनं कोपनहेगनमधला आपला तळच हलवला. म्हणजे जे कायद्यात लिहिलेलं नाही तेच तिथं जास्त पक्कं.

बोलण्याच्या रीतीही जन्मजात नाहीत. डॅनिश भाषेतही आपल्यासारखं 'तू' आणि 'आपण' होतं. १९६० च्या दशकाची अखेर ते १९७० चं दशक, एवढ्या काळात 'आपण' जवळजवळ संपलं. विद्यार्थी प्राध्यापकाला, कामगार मालकाला, सगळे सगळ्यांना 'तू'. राजघराणं तेवढं सुटलं. कल्पना करा, १९७० साली आपल्या कलेक्टर ऑफिसात शिपायानं साहेबाला अरे-तुरे सुरू केलं असतं तर! त्यामुळे मराठी माणसाची पहिली अडचण ही, की साठीच्या माणसाला 'लार्स' म्हणताना जीभ अडखळते. म्हणा, काही होत नाही. 'सर' म्हटलं तर मात्र समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

आणि बढाईचं. आक्सेल सांडेमोसे नावाच्या लेखकानं १९३३ च्या एका कादंबरीत यांटे नावाच्या काल्पनिक गावाचे दहा नियम लिहिले. सार एवढंच, की स्वतःला इतरांपेक्षा भारी समजू नकोस. त्यानं ती लिहिली होती गावाच्या कोत्या मनावर टीका म्हणून, पण डॅनिश लोकांनी तो 'यांटेचा कायदा' स्वतःला ओळखण्याची खूण करून टाकला. थोडा अभिमानानं, थोडा वैतागून. आपल्या कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमधल्या पहिल्या दहा स्लाइड, म्हणजे पुरस्कार, मंत्र्यांबरोबरचे फोटो, 'अग्रगण्य' वगैरे, तिथं उलट्या पडतात त्या ह्यामुळे. अकराव्या स्लाइडपासून सुरू करा.

आता कोणी म्हणेल, म्हणजे डॅनिश लोक देवमाणसं. अजिबात नाही. ह्याच देशाच्या कंपन्यांनी आफ्रिकेतून गुलाम कॅरिबियन बेटांवर नेले, तिथल्या साखरेवर कोपनहेगनच्या हवेल्या उठल्या, आणि ती बेटं १९१७ मध्ये अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकून टाकली. आपल्याकडेही १६२० पासून तामिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीत त्यांचा किल्ला होता. त्या मुलखावर पुढे तंजावरच्या आपल्या भोसल्यांचं राज्य आलं. सरफोजीराजांना शिकवणारे श्वार्ट्झ जन्मानं जर्मन होते, पण भारतात आले ते ह्याच डॅनिश ठाण्यावरच्या मिशनमधून. १८४५ मध्ये डॅनिशांनी ते ठाणं इंग्रजांना विकलं. आणि आजचं म्हणाल तर २०१८ मध्ये त्यांच्या सगळ्यात मोठ्या बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून सुमारे २०० अब्ज युरोचे संशयास्पद व्यवहार गेल्याचं बाहेर आलं. त्याच वर्षी एका सरकारी कार्यालयातल्या कर्मचारी बाईंनी गरिबांसाठीच्या निधीतून वर्षानुवर्षं ११ कोटींहून जास्त क्रोनर स्वतःकडे वळवल्याचंही उघड झालं. वजनकाटा आहे म्हणून सगळे निवांत राहिले आणि काटा कोणी तपासलाच नाही.

ह्या डेअरीचा एक धागा थेट मुंबईला येतो, तो माहीत नसलेले बरेच असतील. एफ. एल. स्मिथ ही कोपनहेगनची सिमेंट यंत्रं बनवणारी कंपनी. तिचे दोन इंजिनिअर भारतात आले, १९३४ मध्ये सोरेन तुब्रो आणि १९३७ मध्ये हेनिंग होल्क-लार्सन. १९३८ मध्ये दोघांनी मुंबईत भागीदारी काढली. ऑफिस एवढं लहान की एका वेळी एकालाच बसता येई, असं कंपनीच्याच इतिहासात सांगतात. पहिला धंदा काय? डॅनिश डेअरी यंत्रांची एजन्सी. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीनं डेन्मार्क व्यापलं आणि माल यायचा थांबला. मग ह्यांनी ती यंत्रं इथंच बनवायला घेतली. पुढे पवईची दलदल आणि जंगल असलेली जमीन, मग लार्सन अँड टुब्रोचं जे झालं ते आपल्यासमोर आहे. आणंदच्या दूध संघानं सुरुवातीच्या काळात पाश्चरायझर घेतलं, तेही ह्यांच्याकडूनच. होल्क-लार्सन २००३ मध्ये मुंबईतच वारले. मित्राला मी हे मुद्दाम सांगितलं. कारण त्याचे वडील त्याच पवईच्या कारखान्यात फिटर होते, आणि त्याला वाटत होतं टुब्रो हे पारशी आडनाव असेल.

तर मित्रानं काय केलं? मी काही सल्ला दिला नव्हता. त्यानंच जूनच्या शेवटी त्या खरेदीप्रमुखाला ईमेल लिहिलं. 'सर' काढून टाकलं. माल कोणत्या तारखेला अडकला, आपल्याला कधी कळलं, आपण काय लिहिलं आणि ते खोटं होतं, हे तारीखवार दिलं. आता हीट ट्रीटमेंटसाठी दुसरा व्हेंडर धरलाय, तेही लिहिलं. पुढची ऑर्डर द्या असं कुठंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार. आम्ही सगळे सुट्टीवर जातोय. आठवडा ३३ मध्ये, मंगळवारी, तुमच्या दुपारी दीड वाजता बोलू.

रात्री साडेदहाला मित्राचा फोन. "अरे, आठवडा ३३ म्हणजे नेमका कधी?"